टर्बो हाऊसिंगच्या लाईनसाठी अडीच कोटींचं कर्ज काढावं का? जगात गाड्यांचं नक्की काय चाललंय?

भोसरी_जॉबवर्क

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण इथं गाड्यांच्या धंद्यातले बरेच जण आहेत, काही जर्मनी-जपानलापण आहेत, म्हणून सगळं सांगतो, मग सल्ला द्या.

आमचं भोसरी एमआयडीसीत मशीनिंगचं युनिट आहे, वडिलांनी सुरू केलेलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. सात सीएनसी, तीन व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी मशीनं), बावीस माणसं. काम सगळं गाड्यांचंच, त्यातलं निम्म्याच्या वर इंजिनाचं, म्हणजे रॉकर शाफ्ट, व्हॉल्व्ह गाईड, ऑइल पंपाची बॉडी वगैरे, बाकी ब्रेक आणि स्टिअरिंगचं. आता आमच्या सगळ्यात मोठ्या पार्टीनं (चाकणची टियर-१ आहे, म्हणजे गाडी कंपनीला थेट माल देणारी, नाव नको) टर्बोचार्जरच्या (इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा भाग) बेअरिंग हाऊसिंगचं, म्हणजे त्याच्या मधल्या बॉडीचं काम देऊ केलंय. कास्टिंग त्यांचं, मशीनिंग आपलं, माल बराचसा युरोपला जाणार आणि थोडा इथंच. त्यासाठी दोन नवीन व्हीएमसी, फिक्स्चर (मशीनवर भाग धरून ठेवणारी चौकट), वॉशिंग मशीन, सीएमएम (मापं तपासायचं मशीन) असं सगळं धरून अडीच कोटींच्या आसपास जातंय आणि बँक सात वर्षांचं कर्ज द्यायला तयार आहे. पार्टी तोंडी सांगते की निदान पाच-सहा वर्षं काम आहे, शेड्यूल वाढतच जाणार, पण लेखी आकडा मागितला की विषय बदलतात.

वडील म्हणतात घे, आलेलं काम सोडायचं नसतं. भाऊ म्हणतो इंजिनाचं नवीन काही आता घ्यायचंच नाही. मी मधे अडकलोय आणि बातम्या वाचून तर डोकं चालेनासं होतं. युरोप म्हणत होता २०३५ नंतर पेट्रोल-डिझेल बंद, आता डिसेंबर २०२५ मध्ये त्यांचाच कमिशन म्हणतोय की शंभर टक्के नको, ९० टक्के कपात चालेल. अमेरिकेनं ईव्हीवरची साडेसात हजार डॉलरची सूट ३० सप्टेंबर २०२५ ला बंद केली. चीनमध्ये २०२४ सालीच विकलेल्या गाड्यांत ईव्ही आणि प्लग-इन (बाहेरून चार्ज होणाऱ्या हायब्रिड) मिळून ४० टक्क्यांच्या वर गेल्या. आणि आपल्याकडं सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्के झाला आणि पेट्रोल गाड्यांना परत गिऱ्हाईक आलं. यातलं खरं कुठलं धरायचं?

तळेगावचं उदाहरण तर रोज जाता-येता दिसतं. जनरल मोटर्सचा प्रकल्प २००८ ला सुरू झाला, २०१७ च्या शेवटी त्यांनी भारतातली विक्री थांबवली, डिसेंबर २०२० ला उत्पादनपण थांबलं. ग्रेट वॉल ही चिनी कंपनी येणार म्हणून करार झाला होता, तो गलवान नंतर अडकला आणि २०२२ ला मोडलाच. मग २०२३ मध्ये ह्युंदाईनं घेतला आणि आता नवीन व्हेन्यू तिथून निघायला लागली. पण मधली पाच वर्षं? त्या गेटच्या भरवशावर ज्यांनी मशीनं घेतली होती त्यांचे हप्ते काही पाच वर्षं थांबले नव्हते. हीच भीती मला आहे.

तर ज्यांना बाहेरचं माहीत आहे त्यांनी कृपया सांगा, टर्बोचं काम घ्यावं का, आणि घ्यायचं तर कुठल्या अटीवर.

श्टुटगार्टकर

दादा, मी इकडं श्टुटगार्टजवळ एका सप्लायरच्या पर्चेसमध्ये आहे, तुमच्यासारख्या युनिट्सकडून माल घेणं हेच माझं रोजचं काम, म्हणून समोरच्या बाजूनं कसं दिसतं ते सांगतो.

आधी जर्मनीचं. इथं वातावरण खरंच वाईट आहे. फोक्सवॅगननं डिसेंबर २०२४ ला युनियनबरोबर करार केला, २०३० पर्यंत ३५ हजार नोकऱ्या कमी करायच्या. ड्रेस्डेनच्या कारखान्यात २०२५ च्या शेवटी गाड्या बनवणं थांबलंसुद्धा. गिअरबॉक्सवाल्या झेडएफनं १४ हजारांपर्यंतचा आकडा २०२४ मध्येच सांगितला होता. बॉशनं सप्टेंबर २०२५ ला आणखी १३ हजार जाहीर केल्या, त्यात फॉयरबाख, श्वीबरडिंगन, वाइब्लिंगन ही आमच्या आजूबाजूचीच गावं. माझ्या मुलाच्या वर्गात अर्ध्या पोरांचे आईबाप याच दोन-तीन कंपन्यांत. त्यामुळं बातमी आली की ती शाळेच्या गेटवर पण बोलली जाते.

पण हे सगळं ईव्हीमुळं झालं असं तिकडं सांगितलं जातं ते अर्धंच आहे. मोठं कारण चीन. इथल्या कंपन्यांनी वीस-पंचवीस वर्षं चीनमध्ये पैसा कमावला आणि तो इकडं नवीन मॉडेलांत घातला. २०२३ मध्ये बीवायडी या चिनी कंपनीनं चीनमधला एक नंबरचा ब्रँड हे स्थान फोक्सवॅगनकडून घेतलं आणि तेव्हापासून तो नफा आटत चाललाय. त्यात वीज महाग, मजुरी महाग. आणि सरकारचं धोरण सारखं बदलतं, डिसेंबर २०२३ मध्ये ईव्हीची सबसिडी एका वीकेंडला बंद केली, लोकांना अर्ज करायलासुद्धा वेळ नाही मिळाला, पुढच्या वर्षी ईव्हीची विक्री २७ टक्क्यांनी पडली. कंपनीनं बॅटरीची लाईन टाकली की गिऱ्हाईक नाही आणि इंजिनाची लाईन ठेवली की २०३५ चा नियम डोक्यावर. दोन्हीकडं पैसा घालावा लागतो आणि तो दोन्हीकडं नाहीये.

आता तुमच्या कामाचं. इथले सप्लायर इंजिनाच्या भागांच्या लाईनमध्ये नवीन पैसा घालायला तयार नाहीत. जुनं मशीन बंद पडलं की नवीन घेत नाहीत, ते काम उचलतात आणि भारतात किंवा तुर्कस्तान, रोमानिया वगैरेकडं पाठवतात. म्हणजे युरोपात एकूण टर्बो कमी होत असले तरी तुमच्याकडं येणारं काम काही वर्षं वाढलेलं दिसेल. तुमची पार्टी खोटं बोलत नाहीये. पाच वर्षं काम असूही शकेल. पण लेखी का देत नाही? कारण त्यांना वरून लेखी मिळालेलं नाही. आम्ही जे फ्रेम अॅग्रीमेंट करतो त्यात वर्षाचा अंदाज असतो, हमी नसते. मॉडेल दोन वर्षं आधी बंद झालं तर धोका सगळ्यात खालच्या माणसाच्या अंगावर, म्हणजे तुमच्या.

म्हणून माझा सल्ला असा की काम नाकारू नका पण भांडवल त्यांच्याकडून काढा. फिक्स्चर आणि गेजेस त्यांच्या खर्चानं, त्यांच्या नावावर. मशीनचा खर्च पर पीस रेटमध्ये पहिल्या तीन वर्षांत वसूल होईल असा रेट मागा, आणि तीन वर्षांच्या आत शेड्यूल अमुक आकड्याच्या खाली गेलं तर उरलेली रक्कम एकरकमी द्यायची असं कलम घाला. युरोपात हे कलम रोज लिहिलं जातं. भारतात मागत नाहीत म्हणून देत नाहीत.

२०३५ चं अजून एक. ते ९० टक्के म्हणजे सध्या कमिशनचा प्रस्ताव आहे, संसद आणि सदस्य देश यांच्यातून जायचाय. त्यावर सात वर्षांचं कर्ज काढू नका.

मावळा_८२

विकून टाका आणि जागा भाड्यानं द्या. चीनपुढं कोणी टिकत नाही. भोसरीत गोडाऊनला भाडं चांगलं मिळतं, मशीन चालवून डोक्याला ताप कशाला.

शिरोली_फाउंड्री

वरच्या भावाला एवढंच सांगतो की गोडाऊनला बावीस माणसं लागत नाहीत, दोन वॉचमन लागतात. ती बावीस घरं कुठं जायची? असलं सहज लिहू नये.

भोसरीवाले, आमची शिरोलीत फाउंड्री हाय, ग्रे आयर्न आणि एसजी, दोन्ही जातीचं ओतीव लोखंड. कोल्हापूर म्हटलं की शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल हा सगळा पट्टा गाड्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या कास्टिंगवर चालतोय. सिलिंडर ब्लॉक, हेड, फ्लायव्हील, ब्रेक ड्रम, डिफरन्शियलचं हाऊसिंग, अॅक्सलचे भाग. तुमचा जो प्रश्न हाय तोच आमच्याकडं प्रत्येक घरात चाललाय, फक्त आमचा आकडा मोठा असतोय कारण मोल्डिंग लाईन आणि फर्नेस म्हटलं की दोन-अडीच कोटींत काय होत नाही.

मी काय केलं ते सांगतो. आमच्या सगळ्या पार्ट नंबरची यादी केली आणि प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहिल्या. हा भाग ईव्हीत लागतोय का, हा भाग कशात जातोय (कार, ट्रक, ट्रॅक्टर, जेनसेट म्हणजे विजेचा जनरेटर), आणि शेवटी कुठल्या देशात जातोय. पार्टी चाकणची असली तरी गाडी कुठं विकली जाणार ते महत्त्वाचं. ही यादी केल्यावर कळलं की आमचं जे काम आम्ही इंजिनाचं म्हणून घाबरून बघत होतो त्यातलं निम्मं ट्रॅक्टर आणि ट्रकचं हाय, आणि ते काय दहा वर्षांत बॅटरीवर जात नाही. ऊसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर किंवा घाटातनं वीस टन घेऊन जाणारा ट्रक, त्याला अजून डिझेलच. आणि उलट जे काम आम्ही निर्धास्त समजत होतो, ब्रेक डिस्क, त्यातच नवीन भानगड निघाली.

ती भानगड म्हणजे युरो-७, युरोपचा गाड्यांच्या प्रदूषणाचा नवा नियम. त्यात पहिल्यांदा ब्रेकच्या धुळीवर मर्यादा आलीय, पेट्रोल-डिझेल आणि हायब्रिडला किलोमीटरमागं ७ मिलिग्रॅम आणि निव्वळ ईव्हीला ३ मिलिग्रॅम. नोव्हेंबर २०२६ च्या शेवटापासनं नवीन मॉडेलांना लागू. म्हणजे साधी ग्रे आयर्नची डिस्क युरोपात पूर्वीसारखी चालणार नाही, तिच्यावर कठीण कोटिंग द्यावं लागणार किंवा पॅड बदलणार. ईव्हीत तर रिजनरेशनमुळं (मोटरच गाडी हळू करते आणि बॅटरी भरते) ब्रेक कमी लागतो, डिस्क वापराविना गंजते, त्यामुळं कोटिंग तिथं अजूनच मागतात. हे जो आधी शिकेल त्याला काम हाय. तुमच्याकडं ब्रेकचं मशीनिंग हाय म्हणालात ना, मग पार्टीला विचारा की कोटेड डिस्क किंवा त्यासाठीच्या फिनिश ग्राइंडिंगचं काय चाललंय. मला टर्बोपेक्षा तिथं जास्त दिसतंय.

एक्स्पोर्टचं दुसरं दुखणं कागदपत्रांचं. युरोपचा कार्बनचा कर १ जानेवारी २०२६ पासनं लोखंड-पोलाद आणि अॅल्युमिनियमवर खरोखर लागू झालाय. प्रत्येक कास्टिंगवर तो थेट बसतो असं नाही, पण खरेदीदार आत्तापासनं किलोमागं किती वीज, किती कोक ते विचारायला लागलेत. अमेरिकेनं ३ मे २०२५ पासनं गाड्यांच्या भागांवर २५ टक्के लावले. आमच्या एका खरेदीदारानं तर जहाज निघायच्या आदल्या आठवड्यात मेल टाकला की शेड्यूल निम्मं करा, माल पॅक होऊन पडलेला, पोरं रात्रपाळी करून थकलेली. कुणाला बोलायचं? म्हणून जर्मनीचे भाऊ म्हणतात ते कलम घालाच घाला.

हामामात्सूहून

मी जपानमध्ये शिझुओकात, इंजिन डिझाइनमध्ये काम करतो, मूळ साताऱ्याचा. भोसरीवाले, तुमच्या भागाबद्दल एक तांत्रिक गोष्ट सांगतो जी या सगळ्या चर्चेत राहून जाते.

सगळीकडं म्हणतात की ईव्ही मागं पडली, हायब्रिड वाढतंय, म्हणजे इंजिन वाचलं. युरोपात २०२४ ला बॅटरीच्या गाड्या १३.६ टक्के होत्या आणि हायब्रिड ३० टक्क्यांच्या वर, अमेरिकेतपण हायब्रिडची चलती आहे, हे खरंच आहे. पण हायब्रिडमध्ये टर्बो असतोच असं नाही! टोयोटाच्या प्रियस, कोरोला या हायब्रिड गाड्यांत साधं, टर्बो नसलेलं अॅटकिन्सन सायकलचं (इंधन वाचवणारं) इंजिन असतं. कमी वेगातला जोर मोटर देते, मग टर्बोची गरजच राहत नाही. बीवायडीच्या १.५ लिटर प्लग-इनमध्येसुद्धा बहुतेक ठिकाणी तेच. युरोपियन कंपन्यांच्या माइल्ड हायब्रिडमध्ये (जिथं छोटी मोटर फक्त इंजिनाच्या मदतीला असते) मात्र टर्बो असतो आणि चीनमधल्या रेंज एक्स्टेंडर गाड्यांत, जिथं इंजिन फक्त बॅटरी चार्ज करतं, तिथं बऱ्याच जणांनी १.५ टर्बो वापरलाय. म्हणजे व्हॉल्व्ह गाईडला हायब्रिड हा आधार आहे, टर्बो हाऊसिंगला तो कंपनी बघून आहे. तुमच्या भावाचं आणि वडिलांचं भांडण इंजिन राहणार की जाणार यावर चाललंय, पण तुम्ही जो भाग घेताय त्याचं भवितव्य इंजिनापेक्षा वेगळं आहे.

उलट भारतात टर्बोला चांगले दिवस आहेत आणि त्याचं कारण कर आहे. चार मीटरच्या आत आणि पेट्रोल १२०० सीसीच्या आत गाडी ठेवली की कमी जीएसटी, मग छोट्या इंजिनातून ताकद काढायची तर टर्बो. नेक्सॉन, एक्सयूव्ही ३एक्सओ, चाकणच्याच फोक्सवॅगन-स्कोडाचं १.० टीएसआय टर्बो इंजिन. म्हणून पार्टीनं जो "थोडा माल इथंच" म्हटलंय तो थोडा किती ते विचारा, मला तोच भाग जास्त भरवशाचा वाटतो.

जपानचं थोडक्यात, कारण तिकडं जपानबद्दल फार समज-गैरसमज असतात. निसाननं मे २०२५ मध्ये २० हजार माणसं कमी आणि १७ कारखान्यांचे १० करायचं जाहीर केलं, १९६१ पासून चाललेला ओप्पामा कारखाना मार्च २०२८ पर्यंत थांबणार. दुसऱ्या बाजूला सुझुकी, तिच्या निम्म्याहून जास्त गाड्या भारतात बनतात. आता फ्राँक्स आणि पाच दरवाजांची जिम्नी भारतातून जपानला येते, जिम्नीला तर जानेवारी २०२५ च्या शेवटी चारच दिवसांत ५० हजार ऑर्डर आल्या आणि बुकिंग थांबवावं लागलं. रस्त्यावर ती गाडी दिसली की मला आत कुठंतरी फार बरं वाटतं. भारतात बनलेली गाडी जपानी माणूस वाट बघून घेतोय, हे पंधरा वर्षांपूर्वी इथं कुणाला पटलं नसतं.

आणि मोटरकडं वळलात तरी सगळं सुरक्षित आहे असं समजू नका. एप्रिल २०२५ ला चीननं दुर्मिळ खनिजांच्या आणि चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि मे-जूनमध्ये इथं स्विफ्टचं उत्पादन काही दिवस थांबलं होतं. स्विफ्ट ही पेट्रोल गाडी! चुंबक फक्त ईव्हीत नसतात, स्टिअरिंग, सेन्सर, सगळीकडं असतात.

रयोंगमधून

मी थायलंडला रयोंगमध्ये एका जपानी टियर-२ मध्ये (टियर-१ ला माल देणारी कंपनी) क्वालिटी बघतो. मावळा_८२ यांनी चीनपुढं कोणी टिकत नाही असं लिहिलंय, त्यावर इथलं काय घडलं ते सांगतो, कारण तळेगावची दुसरी बाजू इथंच आहे.

२०२० मध्ये ग्रेट वॉलनं जनरल मोटर्सचे दोन कारखाने घ्यायचं ठरवलं होतं, जानेवारीत तळेगाव आणि फेब्रुवारीत रयोंग. तळेगाव अडलं, रयोंग झालं. त्याआधी २०१७ ला जीएमचा गुजरातमधला हालोलचा कारखाना चीनच्याच एसएआयसीनं घेतला, तिथून आता एमजीच्या गाड्या निघतात. एकाच अमेरिकन कंपनीनं सोडलेले तीन कारखाने, आणि प्रत्येकाचं पुढं काय झालं ते त्या-त्या देशाच्या सरकारनं ठरवलं.

रयोंगला चिनी कंपन्या आल्या, बीवायडीचा कारखाना जुलै २०२४ ला सुरू झाला, सरकारनं सबसिडी दिली, अट एवढीच की आधी जेवढ्या गाड्या आयात केल्या तेवढ्या किंवा दीडपट इथं बनवा. वरून बघितलं तर छानच. पण खालच्या सप्लायरला काय मिळालं? चिनी कंपनी येताना बॅटरी, मोटर, वायरिंग सगळ्याचे सप्लायर सोबत आणते. स्थानिक लोकांना कोट मागतात तो चीनमधला भाव समोर ठेवून, आणि त्या भावात कच्चा मालसुद्धा येत नाही. त्याच वेळी इथला मुख्य धंदा म्हणजे पिकअप, तो कर्जबाजारीपणामुळं कोसळला, बँका लोकांना गाडीसाठी कर्ज देईनात. २०२४ मध्ये देशाचं उत्पादन २० टक्क्यांनी घसरून १४.७ लाखांच्या आसपास आलं. सुबारूनं इथलं उत्पादन बंद केलं, सुझुकीनंही २०२५ च्या शेवटापर्यंत कारखाना बंद करायचं जाहीर केलं. आमच्या शेजारचं प्रेस शॉप बंद झालं, चांगली कामाची माणसं होती.

भारतात आयात कर मोठा आहे आणि एप्रिल २०२० पासून शेजारी देशांच्या गुंतवणुकीला सरकारची परवानगी लागते, म्हणून हे तिथं झालेलं नाही. याचा फायदा तुम्हाला आज मिळतोय. पण ही भिंत धोरणाची आहे, उद्या बदलू शकते, त्यामुळं चिनी भावाच्या किती जवळ आपण जाऊ शकतो हे आत्ताच काढून ठेवा. सायकल टाइम, रिजेक्शन, टूलचं आयुष्य. आम्ही ते उशिरा मोजायला लागलो.

निर्यातीतपण भिंती उभ्या राहतायत. मेक्सिकोनं डिसेंबर २०२५ ला कायदा केला, करार नसलेल्या देशांच्या गाड्यांवर ५० टक्क्यांपर्यंत कर, त्यात भारत येतो. चाकणहून फोक्सवॅगनच्या व्हर्टससारख्या गाड्या तिथं जातात. तुमच्या पार्टीची दुसरी कामं तिथं अडकली आहेत का हेही बघा, पार्टी अडचणीत आली की पेमेंट आपलं अडकतं.

भोसरी_जॉबवर्क

खरंच मनापासून आभार, एवढं कुणी समोर बसवूनपण सांगितलं नसतं. शिरोलीच्या भाऊंनी सांगितलं तशी यादी काल रात्री भावाबरोबर बसून केली. ३८ पार्ट नंबर निघाले. रॉकर शाफ्टचा मोठा भाग ट्रॅक्टरला जातो हे मला माहीतच होतं पण आकडा एवढा असेल असं वाटलं नव्हतं. वडीलपण बसले होते, त्यांनी दोन पार्ट असे सांगितले की ते जेनसेटला जातात, बिलावर तसं कुठं लिहिलेलं नाही.

आता अडचण अशी की टर्बो हाऊसिंग कशात जातं ते पार्टी सांगत नाही, गोपनीय म्हणते. ड्रॉइंग दोन आलेत. त्यावरून काही कळतं का?

हामामात्सूहून

बरंच कळतं. ड्रॉइंग इथं टाकू नका, फक्त एवढं बघा. हाऊसिंगच्या आत पाण्याचा जॅकेट आहे का? पेट्रोलचा एक्झॉस्ट जास्त तापतो त्यामुळं पेट्रोल कारच्या हाऊसिंगला सहसा पाण्याचं कूलिंग असतं, ऑइलच्या भोकांशिवाय पाण्याची इनलेट-आउटलेट दिसतील. डिझेलला पुष्कळदा नुसतं ऑइल. आणि बेअरिंगच्या बोअरचं माप बघा, ट्रकचा टर्बो कारपेक्षा सरळ मोठा असतो, वजनातच फरक कळेल. डिझेल आणि कारच्या मापाचा आणि युरोपला जाणारा असेल तर अजिबात नको, युरोपात डिझेल कार २०१५ च्या आसपास निम्म्या होत्या, २०२४ ला १२ टक्क्यांवर आल्या.

भोसरी_जॉबवर्क

बघितलं. एकाला पाण्याचा जॅकेट आहे, छोटा आहे, तो एक्स्पोर्टचा. दुसऱ्याला नाही, वजन जवळजवळ तिप्पट, आणि त्याचा पॅकिंग स्टँडर्ड इथल्या ट्रॉलीचा आहे, लाकडी पेटीचा नाही, म्हणजे देशातलाच दिसतोय.

श्टुटगार्टकर

मग उत्तर तुमच्याच हातात आलं. दुसरा ट्रकचा किंवा बसचा असणार, त्याला बीएस-६ मध्ये टर्बोशिवाय गत्यंतर नाही. तो आधी कोट करा, एकच व्हीएमसी घेऊन होतो का बघा. पहिल्यासाठी ते तीन वर्षांचं कलम लेखी मागा. मिळालं तर दुसरं मशीन, नाही मिळालं तर नम्रपणे सांगा की सध्या कपॅसिटी नाही. कलमाचा मसुदा मी मराठीत लिहून व्यक्तिगत निरोपात पाठवतो, तुमच्या वकिलाकडून इंग्रजी करून घ्या.

शिरोली_फाउंड्री

आणि सीएमएम आत्ता घेऊ नका. आधी बाहेरून तपासून घ्या, भोसरीत जॉबवर कितीतरी जण करून देतात. कर्जातनं तेवढे तरी कमी होतील. ब्रेक डिस्कचं विचारायला विसरू नका, मला कळवा, कास्टिंग आमच्याकडनं बघू.

भोसरी_जॉबवर्क

सोमवारी पार्टीकडं मीटिंग आहे, मोठ्या हाऊसिंगचा रेट आणि कलम दोन्ही घेऊन जातो. वडीलपण येणार म्हणालेत. ब्रेकचं विचारतोच, भाऊ.